सासूबाईंची खिडकी

माझा नवरा हॉलिस आमच्या गावच्या वारसा समितीचा अध्यक्ष आहे, त्यामुळे निम्मं गाव आमच्याशी बोलत नाही. इथली जुनी घरं, भिंतींसकट, देवदाराच्या लाकडी कौलांनी मढवलेली. खाऱ्या वाऱ्याने ती करडी पडतात, आणि समितीला विचारल्याशिवाय त्यातलं एकही हलवायचं नाही. हा नियम हॉलिसनेच लिहिलाय.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या आमच्या घराच्या बुरुजातल्या, वरच्या खोलीत पलंगाला खिळल्या. आयुष्यभर बंदरावर नजर ठेवलेली बाई. पण त्या बाजूला नुसती भिंत.

"मला भिंत बघत मरायचं नाहीये," त्या म्हणाल्या.

"अर्ज कर, आई," हॉलिस म्हणाला. "समिती नाकारेल, पण रीतसर नाकारेल."

मला असा राग आला! तो पोर्टलंडला सभेला गेला, तसं मी ड्वाइट सुताराला बोलावलं. त्याने भिंतीत एक गोल खिडकी पाडली आणि कडेने शेडमागची जुनी करडी कौलं ठोकली. हॉलिस परतला, सासूबाईंची कॉफी घेऊन वर गेला, तरी त्याला काही दिसलं नाही. मी केस कापले तरी त्याला दिसत नाही.

पण शेजारच्या लिबीबाईंना दिसतं. त्या समितीवर आहेत. "थॅक्स्टरांच्या घराला एक खिडकी जास्त झालीये," असं त्यांनी आमचं आडनाव घेऊन भर सभेत सांगितलं. झालं, सगळी समिती धक्क्यावर उभी राहून आमच्या घराकडे डोळे बारीक करून बघायला लागली. खिडकी बुजली असती, तर सासूबाईही फार दिवस राहिल्या नसत्या.

पण आमच्या घराच्या कुठल्याही दोन खिडक्या एकसारख्या नाहीत. एक तिरकी, एक फुगीर, एक नुसतीच चुकलेली.

"ती न्हाणीघराची," लिबीबाई बोट दाखवत म्हणाल्या. "इतकं कुरूप काम आपल्या पूर्वजांनी केलंच नसतं."

ती हॉलिसच्या पणजोबांनी स्वतः बसवलेली.

"आणि ती बुरुजातली गोल बघा. अशी कारागिरी आता कुठे राहिलीये?"

हॉलिसने घसा खाकरला आणि ठराव केला: न्हाणीघराची खिडकी बुजवावी, गोल खिडकीला कुणीही, कधीही हात लावू नये.

मी धावत वर गेले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पण ती उंच झालीये. नुसतं आभाळ दिसतं. ड्वाइटला सांग, जरा खाली घे."

"आई, आता ती वारसा झाली."

त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात हॉलिस विटा घेऊन आत आला आणि एकेक करून पलंगाच्या पायांखाली सारायला लागला.

"पलंगाच्या उंचीबद्दल नियम नाही," तो म्हणाला. "आणि पुढच्या वेळी खोलीत ताज्या कापलेल्या देवदाराचा वास सुटलेला असेल, तर मला वर कॉफी घेऊन पाठवू नका."

त्याला चिमटा काढावा की त्याचा मुका घ्यावा, मला कळेना.

सासूबाईंचं लक्षच नव्हतं. त्या बाहेर बघत होत्या.

"हॉलिस, एल्वुडने धक्क्यावरच्या खोपटाला निळा रंग दिलाय. त्याने परवानगी घेतली होती का?"