खाकरणं

माझ्या यजमानांच्या घशातली नळी निघणार, की गळ्याला छेद देऊन तिथून दुसरी बसवावी लागणार, हे त्यांच्या खोकल्यावर ठरणार होतं. न्यूमोनियामुळे नगरच्या एका दवाखान्यात ते व्हेंटिलेटरवर होते. छाती बरीच सुधारली होती. पण डॉक्टर म्हणाले, “आजी, कफ त्यांचा त्यांना वर ढकलता आला पाहिजे. नाहीतर नळी काढून उपयोग नाही.”

तोवर ते काम सिस्टर एंजेला करत होती. छातीत घरघर ऐकू आली की हातमोजे चढवायची, आधी ऑक्सिजन वाढवायची, मग बारीक नळी आत सोडून कफ ओढून घ्यायची. यांचा चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांना धार लागायची. पहिल्यांदा मी तिचा हातच धरायला धावले होते. पण हे गुंगीत असले तरी ती आधी सांगायची, “बाबा, कफ काढतेय. ठसका लागेल, लगेच थांबते.” जन्मभर शाळेत शिकवलं मी, पण एवढी माया असलेली मुलगी क्वचितच पाहिली.

त्या दिवशी सकाळी गुंगीचं औषध कमी करून डॉक्टरांनी नळीच्या तोंडासमोर पांढरं कार्ड धरलं. “बाबा, जोरात खोका.” जोर असला तर कार्डावर शिंतोडे उडतात. यांनी नुसती मान हलवली. कार्ड कोरडं.

“दुपारी शेवटचं बघू,” म्हणून डॉक्टर गेले.

मला राहवलं नाही. “एंजेला, श्रीगोंद्याला आमच्या वस्तीवर येऊन विचार यांचा खोकला! अंगणातनं असे खाकरायचे, की सुना पदर सावरायच्या अन् कुत्रंसुद्धा उठून उभं राहायचं. नवी नवरी होते तेव्हा मी चुलीपुढं दचकले होते.”

“आमचे आजोबा पण तसेच,” ती हसली. “चर्चमधून निघायचे, खोकला आधी घरी पोचायचा.”

यांचे डोळे उघडे होते.

दुपारी पुन्हा कार्ड आलं. एंजेलाने यांना उशाकडून उंच बसवलं आणि कानाशी वाकली. “छगनबाबा, अंगणात आलात. सुना ओट्यावर गप्पा हाणत बसल्यात. मालक आले हे कळायला नको का त्यांना?”

यांच्या भुवया आवळल्या. नळीतल्या खोकल्याला आवाज नसतो, पण खाट हादरली. कार्ड ठिपक्यांनी भरलं.

“डॉक्टर, चष्मा पण पुसा,” एंजेला म्हणाली.

डॉक्टर खळखळून हसले. “काढा नळी.”

तिने उरलासुरला कफ ओढून घेतला, नळी बाहेर काढली. “आता आवाज करून, बाबा.”

हे खाकरले. घोगरं, पण तेच.

“बाहेर गेला का ऐकू?” त्यांनी पुटपुटत विचारलं.

मी दार लोटून पाहिलं. पॅसेजमधल्या बाकावरून दोन्ही सुना उठून उभ्या राहिल्या होत्या.

“व्हय,” मी म्हणाले, “समद्या दवाखान्याला गेला.”