आता हात धू

आमच्या घरात कुठलीही गोष्ट वेळच्या वेळी पुरी होते ती माझ्यामुळे. हे मी म्हणत नाही, आमची मुलगी नीला म्हणते, आणि तेही वैतागून. मी दिल्लीत, केंद्राच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकोणीस वर्षं राहतोय आणि एवढ्या वर्षांत विजेचं बिल कधी शेवटच्या तारखेपर्यंत राहिलेलं नाही. अशा माणसाच्या नशिबी बायको मात्र चित्रकार आली, आणि तीही मॉडर्न आर्टवाली.

सुनीतीच्या चित्रांत माणूस नसतो, झाड नसतं, डोंगर नसतो. एक रंग असतो, त्यावर दुसरा रंग असतो आणि खालचा वरच्यातून थोडासा डोकावत असतो. सुरुवातीला मी प्रत्येक चित्रापुढे उभा राहून 'हे काय आहे?' असं विचारत असे. मग तिनं उत्तर देणं सोडलं आणि मी विचारणं. भांडणापेक्षा हे बरं पडलं.

खरं तर लग्नानंतर तिनं ब्रश खाली ठेवला होता तो ठेवलाच होता. पुण्यात रीतसर शिकलेली, पण दिल्लीत आल्यावर नीलाचा जन्म, माझे डबे, बिऱ्हाडं हलवणं, यात ते राहून गेलं. ते परत सुरू झालं माझ्या आईमुळे. वडील गेल्यावर आई वाईहून आमच्याकडे आली. तिचं नाव अहिल्या, पण कॉलनीत सगळे तिला दादीजी म्हणत. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, हिंदी येत नव्हती. हॉलमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशेजारी सतरंजी टाकून, भिंतीला टेकून ती दिवसभर बसायची आणि मटार सोलायची. एक दिवस सुनीतीला म्हणाली की माझ्यासमोर बसून काहीतरी काढ बाई, म्हणजे माझाही वेळ जाईल.

अकरा वर्षं तो उद्योग चालला. समोरच्या भिंतीला कॅनव्हास लावून सुनीती उभी, आणि मागे सतरंजीवर आई. आईचं ज्ञान माझ्याइतकंच. पण ती एक वाक्य म्हणायची, ते मी ऑफिसातून आल्यावर कितीदा तरी ऐकलंय.

"यात काय आहे ते मला कळत नाही, पण अजून झालेलं नाही एवढं कळतं."

आणि मग कधीतरी, चार दिवसांनी, नाहीतर चाळीस दिवसांनी म्हणायची, "आता हात धू." म्हणजे चित्र झालं. सुनीती खरंच ब्रश ठेवून हात धुवायला जायची. मला या दोघींचं हसू यायचं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. भिंतीवर मागे राहिला तो तिच्या डोक्याचा डाग. माका घातलेलं खोबरेल तेल ती रोज चापून लावायची, आणि अकरा वर्षांचं ते तेल भिंतीत मुरलं होतं. उशीएवढा तपकिरी डाग, कडेला पिवळट. पाहुणे आले की त्यांची नजर हटकून तिकडेच जायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी दोनदा त्यावर कॅलेंडर लावलं. दोन्ही वेळा सुनीतीनं ते काढून दाराच्या मागे लावलं. तारखा तिथे नीट दिसतात, असं तिनं सांगितलं आणि मीही मानलं. इतका मी चतुर.

या वर्षी ऑक्टोबरात लाडो सरायच्या एका गॅलरीनं सुनीतीला विचारलं. स्वतःचं, एकटीचं प्रदर्शन, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पहिलंच. आठ चित्रं हवी होती. सात तयार होती आणि आठवं चालू होतं. डिसेंबरच्या बारा तारखेला टेम्पो येऊन घेऊन जाणार होता. कॉलनीत तिच्यापेक्षा जास्त पेढे मी वाटले.

गॅलरीच्या मॅडमनी फोनवर विचारलं की तुमची प्रेरणा काय, कॅटलॉगमध्ये लिहायचं आहे. सुनीती म्हणाली, "मेरी सास." मॅडम खूप हसल्या. फोन ठेवल्यावर मी सुनीतीला म्हटलं की अशा ठिकाणी चेष्टा करू नये, आणि मीच बसून सह्याद्रीचे कडे, दख्खनची शांतता वगैरे घालून एक परिच्छेद लिहून दिला. नोटिंग-ड्राफ्टिंगमध्ये माझा हात कोणी धरू शकत नाही. तिनं वाचला आणि इंग्रजी छान आहे म्हणाली.

मग ठरलं की मॅडम फोटोग्राफरला घेऊन घरी येणार. त्याआधी सुनीती भाचीच्या साखरपुड्याला चार दिवस पुण्याला गेली. मी त्या डागाकडे पाहिलं आणि ठरवलं की बायको परत येईल तेव्हा तिला सरप्राइज द्यायचं. कॉलनीच्या देखभाल कचेरीला, म्हणजे आमच्या इन्क्वायरीला विचारलं, तर आमच्या क्वार्टरच्या रंगाची पाळी पुढच्या वर्षी. तेवढा धीर कोणाला? मी रामअवतार नावाचा जुना रंगारी गाठला. तो डागावरून बोट फिरवून म्हणाला, "साहब, ये तेल है. ऊपर से मारोगे तो फिर निकल आएगा." मी म्हटलं, मग खरवड. त्यानं प्लास्टर लागेपर्यंत खरवडलं, पुट्टी भरली, प्रायमरचे दोन हात दिले आणि वर क्रीम रंग. शेजारी मी स्वतः टॉर्च घेऊन उभा होतो.

सुनीती आली. हातातली बॅग तशीच धरून भिंतीपुढे उभी राहिली. मी वाट बघत होतो.

"छान झालंय," ती म्हणाली. "स्वच्छ." मग बॅग ठेवली आणि चहा टाकला. मला वाटलं, प्रवासाचा शीण आहे.

त्यानंतर आठवं चित्र बिघडायला लागलं. आधी ते करड्या रंगाचं होतं. मग निळं झालं, मग पुन्हा करडं, मग त्यावर पांढरा थर, तो खरवडून पुन्हा करडा. मॅडम येऊन सात चित्रांचे फोटो काढून गेल्या, भिंतीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. डिसेंबर उजाडला. एके संध्याकाळी मी घरी आलो तर सुनीतीनं सातवं चित्र भिंतीवर चढवलं होतं आणि हातात रंगाचा ब्रश होता. मी ब्रश काढून घेतला. ते झालेलं आहे, त्याचा फोटो छापायला गेलाय, असं मी जरा मोठ्यानंच म्हणालो.

"मला नाही वाटत झालंय असं," ती म्हणाली. "कुठलंच झालंय असं वाटत नाही. त्यांना सांगा, नको ते प्रदर्शन."

मी समजावलं, रागावलो, तारखा दाखवल्या. ती ऐकून घेत होती आणि नवी भिंत सोडून सगळीकडे बघत होती.

रविवारी नीला आली. ती मानेसरला मोटारींचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, आठवड्यातून एकदा येते. सुनीती भाजी आणायला खाली गेली होती. नीला दारातच थांबली.

"बाबा, दादीची दीवार कोणी पेंट केली?"

मी अभिमानानं सांगितलं.

"यार, बाबा," ती म्हणाली आणि सतरंजीच्या जागी जमिनीवर बसलीच. "आई त्या डागालाच तर विचारायची ना. पेंटिंग करायची, मग मुडून बघायची तिकडे. झालं की नाही ते. मी कितीदा बघितलंय. तुम्हाला बिल्कुल माहीत नव्हतं?"

मला बिल्कुल माहीत नव्हतं. दोन वर्षं माझी बायको माझ्या आईला विचारत होती आणि मी संध्याकाळी येऊन त्या आईवर कॅलेंडर लावत होतो. घरातला एकुलता एक मुलगा मी. डागाची लाज मला वाटायची, आणि त्याला विचारावंसं वाटत होतं ते सुनेला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. आई गेली तेव्हासुद्धा मी असा रडलो नव्हतो. तेव्हा खूप कामं होती.

पुढचे दोन दिवस मी सकाळी चष्मा लावून भिंत तपासली. तेल वर येईल म्हणाला होता ना रामअवतार? पण काहीही आलं नाही. त्याचं काम चोख होतं, आणि माझी देखरेखही.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सगळ्या नोकरीत विनाकारण घेतलेली पहिली. माळ्यावरून आईची सतरंजी काढली, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टाकली. खोबरेलाची बाटली घेतली. दिल्लीच्या थंडीत ते थिजून दगड झालं होतं, ते चमच्यानं खरवडून डोक्यावर चोळलं. माझ्या डोक्यावर केस म्हणाल तर कानांपाशी काय ते उरलेत. मग भिंतीला डोकं टेकून बसलो.

सुनीती पदराला हात पुसत बाहेर आली.

"हे काय चाललंय?"

"बसलोय."

तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. तिला कळलं. तिचा चेहरा क्षणभर वेडावाकडा झाला, मग तिनं तो सरळ केला.

"अहो, तो डाग पडायला अकरा वर्षं लागली. तुमच्या रिटायरमेंटला दोन राहिलीत. मग क्वार्टर सोडायचंय."

"डागाचं राहू दे," मी म्हटलं. "चुकलं माझं. मी तुला विचारायला हवं होतं. तू काढ, मी इथे बसतो."

"पाच मिनिटांत झोप लागेल तुम्हाला."

पाच नाही, दहा मिनिटांत लागली. पण जागा झालो तेव्हा ती आठव्या चित्रापुढे उभी होती आणि ब्रश चालत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रजा. तिसऱ्या दिवशीही. दोन-दोन तास एकाच गोष्टीकडे बघायची मला सवय नाही, आणि 'हे काय आहे?' हा प्रश्न दर दहा मिनिटांनी तोंडापर्यंत यायचा. तो मी गिळत गेलो. गिळता गिळता एक गंमत झाली. करड्याच्या खाली पिवळं आहे हे मला दिसायला लागलं. आधी अजिबात दिसत नव्हतं. बराच वेळ बघत राहिलं की ते हळूच पुढे यायचं, आणि नजर हलवली की आत जायचं. मटार सोलताना आई हे सगळं बघत होती तर.

"झालं?" सुनीतीनं मागे न बघताच विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येणार होता, आणि मी तारखा पाळणारा माणूस.

"नाही," मी म्हटलं. "खाली डाव्या हाताला काहीतरी राहिलंय. काय ते मला कळत नाही."

ती वळली. माझ्याकडे तिनं इतका वेळ शेवटचं कधी पाहिलं होतं ते मला आठवत नाही. मग पुन्हा चित्राकडे गेली, खाली वाकली. थोडंसं पुसलं, थोडंसं लावलं. उभी राहिली. पुन्हा वाकली. खिडकीतलं ऊन सरकून शोकेसपर्यंत गेलं. एकदा तिनं ब्रश उचलला आणि तो हवेतच राहिला, आणि मला वाटलं, नको. आता एक ठिपकासुद्धा नको. असं मला कधी कशाबद्दल वाटलं नव्हतं.

"आता हात धू," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सुनीतीनं ब्रश खाली ठेवला आणि ती आत गेली. बेसिनच्या नळाचा आवाज खूप वेळ येत राहिला. परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हात स्वच्छ. तिनं मला जरा बाजूला सरकायला लावलं आणि माझ्या डोक्यामागची भिंत वाकून पाहिली. क्रीम रंगावर रुपयाएवढं काहीतरी चमकत होतं.

"उद्यापासून तेल मी कोमट करून देईन," ती म्हणाली. "तुम्ही फार कमी लावता."