अरासारीनं पेरलेलं

इर्जिकीच्या दिवशी घरधनीण उजाडल्यावर अंथरुणात सापडली, तर ओढ्यावर वर्षभर तिचं हसं होतं. म्हणून झुल्मिरानं अंधारातच कॉफीचं आधण चढवलं होतं. आज पाळी तिची होती. नऊ घरांतून नऊ कोयते येणार, तिच्या आसाईच्या ताडबागेत माजलेलं रान दुपारपर्यंत कापून काढणार, आणि मग ती सगळ्यांना आसाईचा दाट रस, कसाव्याचं पीठ आणि सुकी कोळंबी वाढणार. तिचा नवरा ओरिवाल्दो पाय मोडून बसला त्याला दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून बागेच्या पलीकडच्या टोकाला कुणी फिरकलंच नव्हतं.

खरं तर तिचं चित्त कशातच नव्हतं. फेब्रुवारीच्या पुरात नदीनं तिचं उकूबाचं झाड काठासकट नेलं होतं. आईच्या वेळचं झाड ते. त्याचं बी पाण्यावर तरंगत येई, ती होडीत बसून टोपलीनं गोळा करी, आणि त्या बियांच्या चरबीतून ओढ्यावरच्या चार बायका साबण करून बाजारात नेत. बाकीची उकूबाची झाडं कधीच झाडूंच्या दांड्या होऊन गेली होती. घरात एक पोतं बी उरलं होतं. ते संपलं की चौघींचा साबण संपला.

लावून पाहिलं नव्हतं असंही नाही. तीनदा तिनं त्याच पोत्यातलं, उन्हात चांगलं खडखडीत वाळवलेलं बी काठावर पुरलं. एकानंही डोकं वर काढलं नाही. तिनं आधी जमिनीला दोष दिला, मग चंद्राला, मग नवऱ्याला.

अरासारींना तर ती रोजच शिव्या घाली. झाड होतं तेव्हा हे बारके, लांब चोचीचे तुकान पक्षी, फळ उकलायचा अवकाश, आतलं लाल बी गिळून मोकळे व्हायचे. झाड गेलं तसे ते आसाईवर तुटून पडले. पिवळं पोट, काळी पाठ, आणि चोचीवर कुणीतरी काडीनं गिरगटल्यासारख्या रेघा. ती त्यांच्या चोऱ्यांची नोंद आहे, असं झुल्मिराचं म्हणणं. बागेच्या त्याच टोकाला एक वाळलेलं खोड होतं, त्याच्या एकाच ढोलीत पाच जण शेपट्या पाठीवर दुमडून झोपत. ते खोडही आज पडणार होतं. पण त्याआधी एकाला तरी अद्दल घडवायची म्हणून कॉफी उकळेपर्यंत ती बेचकी घेऊन निघाली.

उजाडलं तशी ढोलीतून पहिली चोच बाहेर आली. झुल्मिराचा नेम चुकला. दुसराही चुकला आणि मातीच्या गोळ्या संपल्या. हाताला लागेल ते टणक काहीतरी घ्यावं म्हणून तिनं पालापाचोळ्यात हात घातला, तर एक बी हाताला आलं. टरफल तडकलेलं, आणि फटीतून पांढरं मूळ निघालेलं. उकूबाचं ते टरफल तिनं डोळे मिटूनही ओळखलं असतं.

ती तिथंच खाली बसली. मग तिला दिसायला लागलं. ढोलीच्या बरोबर खाली दोन पानांची रोपं होती, चार पानांची होती, गुडघ्याएवढीही होती. तीसेक तरी असतील. पक्ष्यांनी बियांवरचा लाल गर तेवढा पोटात ठेवला होता आणि बी ओलंच्या ओलं ओकून टाकलं होतं. त्या बियांनी ऊन पाहिलंच नव्हतं, आणि गेली दोन वर्षं कोयताही पाहिला नव्हता. इतकी वर्षं आपण बाग आरशासारखी लख्ख ठेवली, कापताना हीच रोपं कापली, आणि वर पक्ष्यांनाच दगड मारले. झुल्मिराला इतकी लाज वाटली की पळभर आनंद व्हायचंही राहून गेलं.

तेवढ्यात होड्या लागल्या. सगळ्यात पुढे आदामोर, तिच्या पोरीचा धर्मपिता. बाप्तिस्म्यापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणत आणि तेव्हापासूनच भांडत. स्वतःच्या काठावरच्या अकराच्या अकरा उकूबा यानंच दांड्यांसाठी विकल्या होत्या. तो कोयता परजत थेट खोडाकडे निघाला, तशी झुल्मिरा आडवी आली.

"इथं कोयता चालवायचा नाही, कोंपाद्रे."

सगळे थबकले. आलेली इर्जिक बिनकामाची परत पाठवणं म्हणजे जेवायला बोलावून ताट पालथं घालणं. तिनं खाली बोट दाखवलं आणि घडलं ते सांगितलं.

"म्हणजे नऊ माणसं तू पाखरांची घाण बघायला बोलावलीस होय?" आदामोर म्हणाला.

"घाण नाही, ओकारी," ती म्हणाली. "आणि बघायला नाही, उचलायला. इथं एकाच्या सावलीत दुसरं मरेल. खोड राहू दे, त्याच्याखालची मोठी चार माझी. बाकीची तुम्ही न्या आणि आपापल्या काठावर लावा. आजची इर्जिक हीच."

मग साबण करणाऱ्या बायकांपैकी एक कोयता बाजूला ठेवून गुडघ्यावर बसली आणि हातांनी माती उकरू लागली. मागोमाग दुसरी बसली, मग बापेही बसले. दुपारी आसाईचे वाडगे रिकामे झाले तेव्हा एक होडी सोडली तर बाकीच्या प्रत्येक होडीत केळीच्या पानात गुंडाळलेली रोपं होती.

आदामोर मात्र हात झटकून नुसताच उभा होता. सगळे पांगल्यावर तो जवळ आला.

"फळायला किती वर्षं लागतात?"

"सात-आठ."

"मी तेव्हा पंचाहत्तरीला आलेला असेन."

"मग? तुला काय शेंड्यावर चढायचंय? बी आपणहून खाली पडतं. होडीत बसता आलं म्हणजे झालं."

त्यानं वाकून आपल्या वाट्याचं राहिलेलं एक रोप उकरलं. मुळाभोवतीची माती सुटायला लागली तशी झुल्मिरानं बेचकीचं रबर सोडलं, मुळाला केळीचं पान गुंडाळून त्यावरून दोन वेढे दिले आणि गाठ मारली.

एरवी आदामोर कोयता मांडीवर घेऊन वल्हवतो. त्या दिवशी कोयता होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पडला होता आणि मांडीवर रोप होतं.