मुक्ताबाईंची लंका

"परदेशी पाव्हणा म्हणून सगळं बिनतिखटाचं केलं, आन् ह्यो बाबा मिरच्या मागतोय," राजेश्वरी तव्याशी पुटपुटली. तिनं हिरव्या मिरच्या तेलात टाकल्या आणि ठसका लागला तसं तोंड फिरवलं.

स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला इर्शाद हसला. तो लोणावळ्याचा. पाहुण्यांना गाडीतून कार्ला-भाज्याची लेणी दाखवायची, आणि मुक्कामाला कुणी आलं की मळवलीच्या या बंगल्यावर आणून सोडायचं, हा त्याचा धंदा. बंगला पुण्याच्या एका डॉक्टरांचा. राखणीला राजेश्वरी, तिचा दीर कैलास आणि सासू मुक्ताबाई मागच्या दोन खोल्यांत राहत.

"चुकलंच माझं, वहिनी. आधी सांगायला हवं होतं. आपल्यापेक्षा जहाल खातात ते."

"कुठले हायेत?"

"श्रीलंकेचे. मास्तर होते. बुद्धाची लेणी बघायला आलेत."

राजेश्वरीच्या हातातलं उलथणं थांबलं.

"आत्यांला सांगू नगंस."

"गाडीतून उतरताना आजींनीच विचारलं," इर्शाद म्हणाला. "सांगितलं मी. ते काय लपवायचं?"

तो या बंगल्यावर नुकताच यायला लागला होता. नाहीतर त्याला कळलं असतं.

मुक्ताबाईंचा थोरला मुलगा, राजेश्वरीचा नवरा भिमाजी ऐंशीच्या दशकात पलटणीबरोबर लंकेला गेला. तिथे तह झाला होता आणि तो पाळला जातोय का हे बघायला फौज चालली होती. जाताना तो म्हणाला होता, लढायचं न्हाई, नुसतं उभं राहायचंय. तह काही टिकला नाही. पुढे पलटणीतले दोघं जण घरी आले. भिमाजी गस्तीवरून परतला नाही, काहीच सापडलं नाही, असं त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. मुक्ताबाईंनी त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी तितंच ऱ्हायलाय."

तेव्हापासून या घरापुरता लंकेतला तह टिकला. दोन्हीकडच्या पोरांनी शाळेच्या पटांगणात बंदुकांचा ढीग घातला. दसऱ्यापर्यंत आगगाड्या सुरू झाल्या. फौज परत निघाली तेव्हा तिथल्या लोकांनी भिमाजीला बंदराच्या कामावर ठेवून घेतलं, कारण त्याचा हात सगळ्यात बसतो. ज्या बाईनं खंडाळ्याचा घाट कधी उतरला नव्हता, तिनं एक आख्खा देश असा मार्गी लावला. रेडिओवर, मग टीव्हीवर खऱ्या लंकेच्या बातम्या लागल्या की कैलास उठून बटण फिरवायचा. एकदा बटण फिरवायच्या आत तिथल्या पेट्रोलच्या रांगा दिसल्याच. रात्री जेवताना मुक्ताबाई म्हणाल्या, "सायकल हाय त्याच्याकडं."

हसायचं नाही, हे घरात कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

राजेश्वरी वीस वर्षांची होती तेव्हा. आता केस पिकले होते आणि कपाळावर कुंकू होतं. पितृपक्षात सासऱ्यांचा म्हाळ ती नेमानं घालायची. आजूबाजूच्या घरांत चतुर्दशीलाही एखादं पान मांडलं जायचं, लढाईत, हत्यारानं गेलेल्यांसाठी. त्या दिवशी राजेश्वरीचं डोकं हमखास दुखायचं. पित्त, असं ती म्हणायची. चतुर्दशी उद्या होती.

पलटणीतले काय सांगून गेले आणि सासू काय मानते, एवढं इर्शादच्या कानावर घालून ती मिरच्यांची ताटली घेऊन त्याच्या मागोमाग पुढं आली तेव्हा मुक्ताबाई पडवीत पाहुण्यासमोर जाऊन बसल्या होत्या. हिरवळीवर गवत कापणाऱ्या कैलासनं मशीन बंद केलं होतं, आणि तो तिथंच उभा होता.

"त्यास्नी म्हनावं, तुमच्याकडं आता सगळं ठीक हाय नव्हं?"

इर्शादनं विचारलं. मास्तर गुणदास म्हणजे सत्तरीचा, किडकिडीत, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस. ते बराच वेळ बोलले. इर्शाद ऐकत होता. मग त्याची नजर राजेश्वरीकडे गेली. तिनं नको म्हणून मान अगदी थोडी हलवली.

"ठीक आहे म्हणतात, आजी."

"येवढं लांबलचक बोलला, आन् ठीक हाय येवढंच?"

"इंग्रजी लांब असतं, आजी."

मुक्ताबाईंना ते पटलं. "माझा पोरगा तितं बंदरावर हाय. भिमाजी नाव. उंचापुरा."

इर्शाद ते इंग्रजीत सांगू लागला. मास्तरांनी मध्येच काहीतरी विचारलं, त्यानं हळू आवाजात उत्तर दिलं. मास्तरांनी म्हातारीकडं बघितलं, मग मिरच्यांची ताटली हातात धरून उभ्या असलेल्या राजेश्वरीच्या कपाळाकडं. ते इर्शादशी चार शब्द बोलले.

"काय म्हनतो त्यो?"

"बंदर फार मोठं आहे म्हणतात. पण शोधतील." मग राजेश्वरीजवळ येऊन तो पुटपुटला, "मास्तरांचा भाऊ लढाईत गेला, वहिनी. आई मरेपर्यंत रोज ताट वाढायची म्हणे. म्हणाले, तिला पाहिजे तेच सांग."

मुक्ताबाई तोवर उठून मागे गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या छातीशी काळं घोंगडं होतं.

राजेश्वरीनं ताटली खाली ठेवली.

ते भिमाजीचं. पलटणीत नेऊ देणार नाहीत म्हणून तो ठेवून गेला होता. कडेला कसर लागली तेव्हा राजेश्वरीनं ती कड काळ्या दोऱ्यानं शिवली. धुवायला मात्र ती कुणाला द्यायची नाही, फक्त उन्हात घालायची. थंडीत तेवढंच अंगावर घेऊन झोपायची.

"येवढं त्याला पोचतं करा," मुक्ताबाई म्हणाल्या.

"आई, तितं थंडी नसती गं," कैलास हिरवळीवरून मोठ्यानं म्हणाला. "बंदर हाय. घाम गळतोय मानसांचा."

"इचार त्यास्नी."

इर्शादनं विचारलं. मास्तर भला माणूस होता. डोंगरात पडते, त्यांनी सांगितलं, चहाच्या मळ्यांत, चांगलीच.

"तेच म्हनते मी," मुक्ताबाई म्हणाल्या. "डोंगरात बदली झालीया त्याची."

एका क्षणात बंदर मागं पडलं आणि लंकेत चहाचे मळे उभे राहिले. मास्तर खुर्चीतून उठले. त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि किंचित वाकून घोंगडं घेतलं. म्हातारीकडं बघून मान डोलावली, देईन, नक्की देईन, अशी. मग पिशवीतली पुस्तकं बाहेर काढून ते घोंगड्याला जागा करू लागले.

"बघ," मुक्ताबाई सुनेला म्हणाल्या. "मानूस बघ किती गुनाचा."

घोंगडं अर्धं पिशवीत गेलं. बाहेर राहिलेल्या कडेला तिची शिवण दिसत होती. राजेश्वरी पुढं झाली आणि तिनं ती कड धरली. मास्तर थांबले. तिनं ओढलं नाही. नुसती मूठ मिटली.

"सोड की गं. उशीर हुईल त्यास्नी."

"न्हाई देनार."

"त्याचंच हाय ना ते? त्याला नगं का थंडीचं?"

इर्शादनं भाषांतर केलं नाही. मास्तरांनी दोन्ही हात पिशवीवरून काढून घेतले.

राजेश्वरीनं घोंगडं बाहेर ओढलं, घडी घातली आणि हातावर घेतलं. मग ती सासूसमोर खाली बसली. मुक्ताबाई तिच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांचा हात वर आला, जणू सुनेचं तोंड दाबायला, आणि तिच्या गुडघ्यावर येऊन पडला.

"आत्या, मेल्यात ते," राजेश्वरी म्हणाली. "उद्या चतुर्दशी हाय. मी त्यांचं पान मांडनार."