ओनिंगचा डावा हात

मित्रांनो, फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावर, समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या एका लाकडी घरात मी राहतो. मी एक जुना पियानो आहे. माझा जन्म थंड देशातला. तिथे माझं लाकूड तासलं, तारा ताणल्या आणि मला जहाजात चढवलं. इथली हवा खारट आणि दमट. पहिल्याच वर्षी माझ्या पट्ट्या दाबल्या की वर येईनात. मला मागवणाऱ्या ऊसमळ्याच्या मालकांनी मला टाकून द्यायचं ठरवलं, तेव्हा शाळामास्तर सेवेरिनो मला घरी घेऊन आले. लाकडातली ओल सुकावी म्हणून त्यांनी माझ्या पोटात एक दिवा टांगला. त्याच्या उबेवर मी तगलो.

त्यांना दोन मुली होत्या. थोरली लेओनिदा, घरात सगळे तिला ओनिंग म्हणत. धाकटी दालिसाय, म्हणजे डाली. ओनिंग माझ्यापुढे बसली की घर श्वास रोखून धरायचं. डाली पावलं न वाजवता चालायला शिकली ती माझ्यामुळेच. तिला कुणी विचारलं नाही, तुला वाजवायचंय का. मीही विचारू शकलो नाही.

ओनिंग शिकायला मनिलाला गेली, तिथून व्हिएन्नाला. मग मोठमोठी सभागृहं, झगमगते दिवे. मास्तर तिची वर्तमानपत्रातली छायाचित्रं माझ्या वरच्या भिंतीला चिकटवायचे. मी ती रोज पाहायचो. प्रत्येकात तिच्यापुढे वेगळाच पियानो असायचा, लांबलचक, काळाभोर, चकचकीत. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटायचा.

एकदा ती आठवडाभर आली. माझ्या पट्ट्यांवर हलकेच बोटं फिरवत डालीला म्हणाली, "प्रत्येक गावी नवा पियानो, डाली. सकाळी ओळख करून घ्यायची, संध्याकाळी त्याच्यावर जीव ओतायचा, की निघायचं पुढच्या गावाला. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात, मग आपापल्या घरी जेवायला जातात. मी खोलीत बसून उकडलेलं अंडं खाते."

"मग ये की परत," डाली म्हणाली. "इथे निदान सुकी मासळी तरी मिळेल."

"पुढच्या वर्षी येते."

ते पुढचं वर्ष फार लांबलं. आधी आई गेली, मग मास्तर. दोन्ही वेळा ओनिंग कुठल्या तरी दूरच्या गावी वाजवत होती. घरात डाली उरली आणि मी. त्या वर्षांत माझं झाकण उघडलंच नाही.

मग एके दिवशी ओनिंग आली ती कायमची. केस पांढरे झालेले, सामान थोडंच. हातपाय धुऊन ती माझ्यापुढे बसली. डावा हात नेहमीसारखाच उतरला, समजूतदार, भारदस्त. उजव्याची शेवटची दोन बोटं मात्र आपोआप तळव्याकडे वळत होती. दुखत नव्हतं काही, बोटं फक्त ऐकत नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिने झाकण लावलं आणि ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही, असं डालीला बजावलं.

गावाला काय कळणार? ती घमेंडीने आपल्यासाठी वाजवत नाही, असंच सगळे समजले. बाजारात मासळी विकणारी बास्योन डालीला म्हणाली, "तुझ्या ताईला सांग, आमचे कान फुकटातले असतील, बहिरे नाहीत."

डाली ते ऐकून तणतणत घरी आली. "पाय मोडला असता तर गावभर लंगडत फिरली असतीस. हातच तेवढा का लपवतेस, ताई?"

"पायामुळे मला कुणी ओळखत नव्हतं," ओनिंग म्हणाली.

गावच्या संताची जत्रा आली. बँडवाल्या एल्पिदियोने चार माणसं आणली आणि कुणाला न विचारता मला अंगणात, आंब्याखाली नेऊन ठेवलं. ओनिंगचा मान करायचा म्हणून. बाकं मांडली, सगळा गाव जमला. ओनिंग दारात उभी राहिली. आता ती आत जाऊन कडी लावेल, असंच मला वाटलं.

ती आली आणि बसली. उजवा हात तिने मांडीवर ठेवला.

"मी घमेंडीत नव्हते," ती लोकांना म्हणाली. "हा हात आता चालत नाही. डाव्याला येतं तेवढं वाजवते."

आणि तिने इथल्या कापणीचं एक जुनं गाणं धरलं. नुसते खालचे सूर. वर जिथे चाल हवी, तिथे काहीच नव्हतं. मला इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं. मग मागच्या बाकावरून बास्योनने चाल उचलली. आवाज घोगरा, सूर थोडा बाजूला. एका वळणावर ती चुकली, तेव्हा ओनिंगचा हात थांबला, तिची वाट पाहत राहिला आणि ती परत येताच सोबत निघाला. मग सगळं अंगणच गाऊ लागलं. एवढी सभागृहं गाजवलेली ओनिंग मान खाली घालून केवळ साथ करत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर काही वर्षं दुपारी लोक गायला यायचे. पुढे ओनिंग छातीच्या आजाराने गेली. साथ करणारं कुणी उरलं नाही, तसे लोक यायचे थांबले. आता माझ्या तारा गंजल्या आहेत, पाठीला वाळवी लागली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणी गप्प झालं असेल, तर त्याला गर्विष्ठ ठरवू नका. जवळ जा, विचारा. आणि माझ्यासारखं एखादं जुनं वाद्य दिसलं, तर त्याला नुसतं कपड्याखाली झाकून ठेवू नका. तुम्हाला वाजवता येत नसेल, तरी चालेल.

डालीलाही येत नाही. पण रोज सकाळी ती ओलसर फडकं घेते आणि माझ्या पट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसत जाते. प्रत्येक पट्टी थोडी दबते, थोडी वाजते. खालून वर, खर्जापासून टिपेपर्यंत. तिला वाटतं, ती धूळ पुसते आहे.