धुतलेली अंडी

आमचे हे म्हणतात, एक दिवस ही मीठसुद्धा धुऊन घेईल. म्हणोत बापडे. एकोणीस वर्षं मी हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुतली, आणि माझ्या हातचं हत्यार लागून कुणाच्या जखमेत पू झाला असं एकदाही घडलं नाही. स्वच्छतेच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

तो विभाग बंद झाला आणि मला जंगलातल्या किड्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत पाठवलं. सहा महिने काम बघू, मग कायम करू, असं तिथल्या मोठ्या सरांनी सांगितलं. माझ्याकडे अळ्यांची खोली आली. लाकूड पोखरणारे भुंगेरे, त्यांची अंडी, अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या आणि त्यांना खायला लाकडाचा भुसा. खोली आमच्या मॅडमची, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांची चार वर्षांची मेहनत तिथल्या डब्यांमध्ये होती.

लाकूड आणायचे ठोकेभाऊ. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. जंगलात पडलेल्या ओंडक्यावर काठीने ठोकायचं, कान लावायचा आणि आत अळी आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. रोज सकाळी दारात ओंडके टाकून म्हणायचे, "घ्या बाई, तुमच्या लेकरांचं जेवण आणलं." माणूस तसा गप्पिष्ट, पण लाकडाचा विषय निघाला की एकदम गंभीर व्हायचा.

पहिल्याच आठवड्यात नवी अंडी हाती आली. तांदळाच्या दाण्याएवढी, आणि प्रत्येकावर तपकिरी, चिकट लेप. मादी अंडं घालते आणि वर ही घाण फासून निघून जाते! मला बघवेना. थोडं ब्लीच टाकलेल्या पाण्यात, मऊ ब्रशने मी एकेक अंडं धुतलं, टिपलं आणि डब्यात ठेवलं. दीडशे अंडी. पाठीचा काटा ढिला झाला, पण अंडी कशी लख्ख दिसत होती. कुणाला सांगितलं नाही, कारण धुतलं हे काय सांगायचं असतं?

अळ्या निघाल्या, भुसा खाऊ लागल्या. मॅडम दर दोन दिवसांनी त्यांचं वजन करायच्या, आणि दर वेळी त्यांचा चेहरा थोडा उतरलेला असायचा. अळ्या खात होत्या. भुशाने भरलेलं पोट कातडीतून दिसत होतं. तरी त्या वाळत चालल्या होत्या. मग मरायला लागल्या, एका आठवड्यात चाळीस.

मोठ्या सरांनी ठरवून टाकलं की लाकडावर कुणीतरी औषध फवारलेलं असणार. चहाच्या वेळी, चौदा माणसांसमोर, त्यांनी ठोकेभाऊंना उभं केलं.

"काय वाटेल ते उचलून आणता. एवढ्या वर्षांत एवढंही कळू नये?"

"साहेब, मी प्रत्येक ओंडका हुंगून आणतो."

"आता हुंगू नका. उद्यापासून फाटकावर बसा."

ते बसले. लाकूड दुसराच माणूस आणू लागला. मला वाईट वाटलं, पण जरा रागही आला होता, की या माणसाच्या हलगर्जीपणामुळे माझ्या अळ्या मेल्या.

पुढच्या आठवड्यात काही विद्यार्थी खोली बघायला आले. मॅडम त्यांना समजावून सांगत होत्या आणि मी खिडकी पुसत होते.

"अळीला लाकूड स्वतःला पचवता येत नाही. तिच्या आतड्यातले जिवाणू ते पचवतात. पण जन्मतात तेव्हा या अळ्यांच्या पोटात ते नसतात. म्हणून आई अंड्यावर आपल्या पोटातले जिवाणू लावून ठेवते. अळी कवच कुरतडत बाहेर येते, आणि आईची शिदोरी तिच्या पोटात जाते."

मी तीच खिडकी तीनदा पुसली.

दोन दिवस तोंडाला कुलूप लावून बसले. तिसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या स्टुलावर बसल्याच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "अंडी कुणी धुवेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

ठोकेभाऊंनी आणलेला शेवटचा ओंडका कोपऱ्यात तसाच पडला होता. आम्ही तो फोडला. आत तीन अळ्या निघाल्या, बोटाएवढ्या, गुबगुबीत. त्यांच्या विष्ठेत ते जिवाणू असतात, म्हणून ती मी चमच्याने गोळा केली. हो, मीच. ती भुशात कालवली आणि उरलेल्या अळ्यांच्या डब्यांत घातली. पंधरवड्यात वजनं वाढू लागली. नव्वदेक अळ्या वाचल्या. माझ्या जिवात जीव आला.

"मावशी," मॅडम हळूच म्हणाल्या, "सरांना मी सांगितलंय, लाकूड बदललं म्हणून फरक पडला. तुम्हाला कायम व्हायला दोनच महिने राहिलेत. कशाला उगाच?"

मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. घरी जाऊन यांना सगळं सांगितलं. हे नेहमीसारखी थट्टा करतील असं वाटलं होतं. यांनी फक्त विचारलं, "आणि तो लाकूडवाला?" मी म्हटलं, फाटकावर सावली असते, बसायला खुर्ची असते, जंगलात पायपीट करण्यापेक्षा ते बरं.

फाटकातून जाता-येता ठोकेभाऊंशी रोज बोलणं व्हायचं. ऊन, वारा, गुडघे. एका सकाळी त्यांनीच विषय काढला.

"अळ्या सुधारल्या म्हणे, बाई."

"हो."

"बरं झालं. माझंच चुकलं असणार. काल इथं फांदी पडली होती. सहज ठोकून पाहिली. काही म्हणजे काही कळेना."

"आत अळी नसेल, भाऊ."

"पूर्वी नसली तर नाही म्हणून तरी कळायचं." ते हसले. "कान गेले बहुतेक. कुणाला बोलू नका."

मला तिथे उभं राहवेना आणि पुढेही जाववेना. तिथल्या तिथे मी त्यांना सगळं सांगून टाकलं. अंडी, ब्लीच, ब्रश, मॅडमचं बोलणं, सगळं.

"तुम्हाला हे कळलं कधी?"

"वीस दिवस झाले."

"मग मला कशाला सांगता? ज्यांच्यासमोर मला बोलले, त्यांच्यासमोर सांगा."

चहाच्या वेळी मी उभी राहिले. म्हटलं, "अंडी मी धुतली. लाकूड चांगलं होतं. उरलेल्या अळ्या वाचल्या त्यासुद्धा ठोकेभाऊंच्याच ओंडक्यामुळे." मॅडम खाली बघत म्हणाल्या, "मला माहीत होतं, सर." मोठ्या सरांनी कप खाली ठेवला आणि "बरं, बघू" म्हणून विषय मिटवायला गेले. ठोकेभाऊ दारात उभे होते. मी सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा सांगितलं, या वेळी मोठ्याने.

माझं कायम होणं वर्षभर पुढे गेलं. चुकीचं झालं असं मी म्हणणार नाही.

ठोकेभाऊ पुन्हा जंगलात जातात. सकाळी ओंडके आणून ठेवतात, मॅडमशी दोन शब्द बोलतात आणि निघून जातात. माझ्याशी बोलत नाहीत. मॅडम म्हणतात, थोडा वेळ द्या, बोलतील. बोलतीलही. पण ते वीस दिवस मी त्यांच्याशी रोज बोलत होते, हे ते कसं विसरतील?