तीनदा झालेले अकरा वीस

मित्रांनो, मी एक जुनं किल्लीचं घड्याळ आहे. पण म्हातारं म्हणून हसू नका, माझ्यासारखं काम तुमच्या मोबाइलच्या बापालाही जमायचं नाही!

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मालकांच्या आजोबांनी मला टांगलं. एके काळी पाळी सुटायच्या वेळी सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. पुढे खिशाखिशांत मोबाइल आले आणि माझ्यावर जाळी चढली. फार वाईट वाटायचं. मग टॉवेल तपासायला सृष्टी आली. ती रोज सकाळी स्टुलावर चढून मला किल्ली द्यायची, ओढणीने काच पुसायची.

माझं एक गुपित आहे. माझा काटा मागे फिरवला, की वेळही तेवढीच मागे जाते. यंत्रमाग चालवणाऱ्या सिद्धनाथला हे अवचित कळलं. काच उघडून आतलं जाळं काढताना त्याचा हात काट्याला लागला आणि संपलेला चहा त्याला पुन्हा प्यायला मिळाला!

सिद्धनाथ सांगोल्याकडचा. त्याचा सृष्टीवर भारी जीव, पण दोन वर्षांत 'चहा घेतला का' यापुढे गाडी गेली नव्हती. आणि त्या शनिवारी तिचा कारखान्यातला शेवटचा दिवस उजाडला. सोमवारपासून ती जुळे सोलापूर भागातल्या एका ऑफिसात जाणार होती. त्याची सृष्टी जाणार, आणि मला किल्ली देणारीही!

अकरा वीसला तो तिच्या टेबलापाशी गेला. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणून त्याने बेंबीच्या देठापासून विचारलं, "सृष्टी, माझ्याशी लगीन करशील का?"

नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. सगळे माग थांबले आणि 'करशील का' सगळ्या शेडला ऐकू गेलं. टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या रंभाबाई हसता हसता ढिगावरच बसल्या. सृष्टीने तोंड उघडलं, पण उत्तर ऐकायला हा थांबतोय कुठला! धावत येऊन त्याने माझा काटा दहा मिनिटं मागे ओढला.

दुसऱ्यांदा तो शहाणा झाला. लाइट जाईपर्यंत थांबला आणि शांततेत हळूच विचारलं. पण बंद मागापाशी रिकाम्या बसलेल्यांचे कान केवढे तिखट! सृष्टीच्या आधी रंभाबाईच म्हणाल्या, "व्हय म्हण की गं, पोरगं चांगलं हाय!" सिद्धनाथ पुन्हा स्टुलावर. माझ्या पोटातली कमान, म्हणजे स्प्रिंग, करकरली.

तिसऱ्यांदा त्याने शेडची खुणांची भाषा वापरली. छातीवर हात ठेवला, मग दोन बोटं एकमेकांना जोडून दाखवली. पण आमच्याकडे जोडलेली दोन बोटं म्हणजे 'धागा तुटला, जोडा'. माग दुरुस्त करणारे महादेवप्पा पान्हा घेऊन धावत आले. "कुटं तुटलाय रे?" म्हणत त्यांनी सिद्धनाथचा चांगला चालणारा माग उघडला.

लाइट पुन्हा गेली. रडवेला सिद्धनाथ स्टुलावर चढला. आणखी एक ओढ, की माझी कमान तुटणार होती. भीतीने माझी टिकटिक अडखळली. तेवढ्यात सृष्टीने त्याचं मनगट धरलं.

"खबरदार! दोनदा मागं ओढलंस त्याला. कमान तुटंल की."

"तुला आठवतंय?"

"काटा फिरवणाऱ्याला आठवतं, तसं किल्ली देणारीलाबी आठवतं. पहिल्यांदाच व्हय म्हणणार होते मी. तोंड उघडलं, तर तू स्टुलावर! दुसऱ्यांदाबी तेच. आता उतर खाली आणि ऐक. व्हय!"

सगळी शेड ओरडली. माझ्या आनंदाला तर पारावार राहिला नाही. मी अकरा वीसलाच बाराचे टोले दिले!

आता रोज सकाळी मला सिद्धनाथ किल्ली देतो, आणि ऑफिसला जाण्याआधी त्याने ती दिली का, हे सृष्टी फोन करून विचारते. म्हणून मित्रांनो, जुन्या घड्याळांना किल्ली देत जा, त्यांचे काटे ओढू नका. आणि कुणाला मनातलं विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत जागेवर उभे राहा.